वरच्या मजल्यावरचा नफा

"हॅलो? … हो ताई, बोल. … तुमची पत्रकं वाचली ना, सगळी वाचली. … थांब, आधी समोर काय आहे तेवढंच सांगतो. सलग सहा तिमाह्या तुमच्या कंपनीची विक्री कमी होत गेली आहे, आणि सलग सहा तिमाह्या तुमच्या कंपनीचा नफा वाढत गेला आहे. … नाही, पुढे काही नाही. एवढंच."

फोन मान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून त्याने टेबलावरचे सहा कागद एका रेषेत लावले. ते आधीपासूनच एका रेषेत होते. जेवणाची सुट्टी असल्यामुळे खोलीत दुसरे कोणी नव्हते. बाकीच्या टेबलांवरची माणसे डबे घेऊन खाली गेली होती, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची ओली, करडी भिंत तेवढी दिसत होती.

"चांगलं की वाईट, हे मी अजून म्हटलेलंच नाही. … भावोजी काय म्हणतात? … 'नफा वाढतोय म्हणजे दुकान पक्कं.' बरं. … अगं, हसत नाही त्यांना. बहुतेक माणसं पत्रक असंच वाचतात, सगळ्यात खालची ओळ आधी. … हो, मी वरून वाचतो. लहानपणापासून उलटाच आहे मी, तुला नवीन नाही."

तो शिकला होता पदार्थविज्ञान आणि पोट भरत होता एका कर्ज देणाऱ्या संस्थेत, परक्या कंपन्यांचे हिशेब तपासून. थोरली बहीण कपडे आणि घरसामान विकणाऱ्या एका मोठ्या साखळीच्या दुकानात होती. मापे घेण्यापासून सुरुवात करून आता त्या शाखेची व्यवस्थापक झाली होती. प्रश्न तिच्या नोकरीचा होता. एका इस्पितळाने तिला औषधे आणि सामानाच्या भांडाराची प्रमुख म्हणून बोलावले होते. पगार कमी, काम रुक्ष. पण इस्पितळे सहसा बंद पडत नाहीत. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. नवरा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी पडून होता आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर उभे होते. दुकानात राहावे की जावे हे धाकट्या भावाने ठरवावे, अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. राहायचे तिचे ठरलेलेच होते. त्याने फक्त मान डोलवायची होती. आणि मान डोलवण्याच्या कामात तो जन्मापासून कच्चा होता.

"ऐक ना. … अगं ऐक. नफा कुठून तरी येतो. … हो, विक्रीतून, पण विक्री तर उतरतेय. … म्हणून तर विचारतोय. भांड्यातलं पाणी आपोआप तापलं असं कोणी म्हटलं, तर मी आधी वाकून खाली बघतो, शेगडी कोणी चालू ठेवली ते. … म्हण, 'शंकोबा' म्हण. शाळेपासून म्हणतेस, आज कशाला सोडतेस."

"चल, एकेक ओळ घेऊ. पगारापासून. तुझ्याकडची माणसं कमी केली का? … दोघी गेल्या, जागा भरल्या नाहीत. … कोण? ती, कपडे मापाला बेतून देणारी? … अरेरे. तिच्या हातची माझी पँट अजून आहे. … नाही, ते पत्रकात दिसतंय, पगाराची ओळ खाली आलीय. पण विक्री जेवढी खाली आली, साधारण तेवढीच. म्हणजे शंभराच्या विक्रीमागे पगाराला पूर्वी जे जायचं तेच आजही जातंय. नफा तिथून आलेला नाही."

त्याने पेन्सिलीने एक बारीक फुली मारली.

"भाडं? … वाढलंच असणार. वीज? … जिन्यातले निम्मे दिवे काढलेत? … मला खरंच माहीत नव्हतं. पण ताई, निम्मे दिवे काढून एवढा नफा होत असता, तर सगळ्या जगाने अंधारात बसून धंदा केला असता. … हो, हस. … नाही, तिथूनही नाही."

"कंपनीने एखादी इमारत विकली? जमीन वगैरे? … मलाही दिसत नाही. काही जण घरातली भांडी विकतात आणि महिना छान गेला म्हणतात, तसला प्रकार असतो तो. इथे ती ओळ अगदी सपाट आहे. … म्हणजे प्रामाणिक? … सपाट आहे एवढंच म्हणालो मी."

पलीकडे कोणीतरी ताईला हाक मारली असावी, कारण तो पेन्सिलीचे टोक कागदाच्या कडेवर फिरवत बसला.

"… हो, आहे मी. गिऱ्हाईक होतं? … बदलून मागत होतं. … बरं. एक ओळ मात्र मला खटकतेय. व्याज. … व्याज वाढलंय, दर तिमाहीला. … तोच प्रश्न आहे ना. ज्याचा नफा वाढतोय त्याने उसने का घ्यावेत? … नवीन शाखा काढल्या म्हणतेस? कुठे काढल्या? … आठवून बघ. … एकही नाही. मग शाखांसाठी नाही. … ते मी बाजूला लिहून ठेवलंय."

"आता वरची एकच ओळ उरली. विकलेल्या मालाची खरेदी. … सोपं आहे गं. शंभराला विकलेला माल पूर्वी कंपनीला सत्तरला पडायचा. आता चौसष्टला पडतोय. … सहा तुला थोडे वाटतात? सगळे खर्च जाऊन तुमच्या कंपनीला शंभरामागे तीन उरायचे पूर्वी. … हो. जे काही आहे ते तिथेच आहे."

चपराश्याने चहाचा कप आणून कागदांच्या कडेला ठेवला. त्याने कप उचलून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवला आणि विसरून गेला.

"दोनच शक्यता. माल स्वस्त घेतला, नाही तर महाग विकला. … पुरवठादार तेच आहेत? … उलट वाढवून मागताहेत. म्हणजे स्वस्त नाही घेतला. छापील किमती वाढवल्या? … तशाच आहेत. नक्की? … अविश्वास नाही गं, पण विचारावं लागतं. … बरं बरं, किमतीच्या चिठ्ठ्या तुझ्या डोळ्यांदेखत लागतात, तुलाच माहीत असणार."

"मग जुळत नाही. … गणित चुकत नसतं ताई, आपणच काहीतरी विचारायचं विसरलोय. … थांब जरा. … माल स्वस्त घेतला नाही, चिठ्ठी महाग केली नाही. … ताई, चिठ्ठीवरच्या किमतीला नेहमीच विकायचा का? म्हणजे, पूर्वी मोसम संपला की तुमच्याकडे सेल लागायचा. आई मला हाताला धरून घेऊन यायची. … तो राखाडी कोट, हो. बाह्या बोटांपर्यंत. … तो सेल हल्ली कधी असतो?"

"लागत नाही? … केव्हापासून?"

पेन्सिल थांबली.

"दीड वर्ष झालं. … काही नाही. दीड वर्ष म्हणजे सहा तिमाह्या. … कोणी बंद केला? … मुख्य कार्यालयाने. कारण काय दिलं? … 'सवलतीने गिऱ्हाईक बिघडतं.' असेल. मी त्या कोटापासूनच बिघडलो असेन. … मग मोसमात जो माल खपत नाही, त्याचं काय करता तुम्ही?"

यानंतर बराच वेळ त्याला फारसे बोलावे लागले नाही. ताई सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज मोकळा होत गेला. आपल्या हातचे काम समजावून सांगणाऱ्या माणसाचा होतो तसा. तो ऐकत होता आणि मधूनमधून तिचेच शब्द तिला परत देत होता.

"हं. … हं. … बाह्या आत घेऊन, घडीत पातळ कागद. … डांबराच्या गोळ्या कापडात बांधून, म्हणजे डाग पडत नाही. … हुशार. … खोक्यावर माप, रंग, मोसम, आणि आतले नग किती ते. … आणि पुढच्या मोसमाला परत बाहेर काढायचं. … नवी चिठ्ठी लावून, पूर्ण किमतीला. … जे राहील ते पुन्हा त्याच खोक्यात. … जुनी चिकटपट्टी ओढायची नाही, फक्त कापायची, वरून नवी लावायची, म्हणजे पुठ्ठा फाटत नाही. … ही पद्धत कोणाची? … तुझी? … नाही गं, खरंच कौतुक वाटतंय. आईचं लोकरीचं कपाट तूच लावायचीस, कसर म्हणून कधी दिसली नाही."

"फक्त कोट? … आधी कोट. मग उन्हाळी कपडे. मग चादरी, पडदे. … आणि बाकीच्या शाखा? … तुझ्याकडे शिकायला येतात. … सगळ्याच? … हो, त्या ढालीचा फोटो पाठवला होतास, भावोजी छातीशी धरून उभे होते. कशाबद्दल होती ती? … सर्वांत कमी सवलत देणारी शाखा. … बरोबर."

"ठेवता कुठे एवढं? … वरचा मजला? तिथे तर खेळणी होती ना. … काढून टाकली. … पूर्ण भरलाय? … जिन्याच्या दारापर्यंत."

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला, काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा लावला. काच स्वच्छच होती. ज्या ओळीपाशी आपण पोहोचणार आहोत ती त्याला आता दिसत होती. पण ताईच्या आवाजात नुकताच आलेला मोकळेपणा मोडावा असे त्याला वाटत नव्हते, म्हणून तो नेहमीपेक्षा सावकाश बोलू लागला.

"ताई, आता जे सांगतोय तो नुसता अंदाज आहे. तपासल्याशिवाय खरा धरू नकोस. … समज, एक कोट कंपनीला चौसष्टला पडला. चिठ्ठी लागली शंभराची. हिवाळ्यात तो गेला नाही. पूर्वी असा कोट सेलमध्ये पन्नासला जायचा. चौदा बुडाले. पण ते चौदा त्याच तिमाहीच्या पत्रकात यायचे. … हो, झोंबायचे, पण यायचे. आता तो कोट विकलाच नाही. विकला नाही, म्हणून तोटा झाला नाही. तो चौसष्टच्या किमतीने वर खोक्यात बसलाय. हिशेबाच्या दृष्टीने नवाकोरा."

"… छान विचारलंस. पत्रकात दिसत नाही, कारण तिमाहीला फक्त नफा-तोटा छापतात. किती माल पडून आहे ते वर्षातून एकदा ताळेबंदात येतं. मागचा ताळेबंद आला तेव्हा तुमची खोकी नुकती सुरू झाली होती. यंदाचा अजून यायचाय. … नाही, लपवलंय असं मी म्हणालो नाही. दिसत नाही असं म्हणालो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"ऐक, हो, हो… अगं ऐक ना. अंदाज खरा असेल तर एक गोष्ट दिसलीच पाहिजे. सगळ्यात मोठा सेल तुमच्याकडे कधी लागायचा? … हिवाळा संपताना. मग त्या एका तिमाहीत नफ्याची उडी बाकीच्यांपेक्षा मोठी हवी. नसेल, तर माझा अंदाज गेला कचऱ्यात. … नाही, अजून बघितलं नाही. बघतोय आत्ता."

सहा कागदांपैकी दोन त्या तिमाहीचे होते, पहिला आणि पाचवा. पहिल्याच्या शेजारच्या रकान्यात आदल्या वर्षीचे, सेल लागत होता तेव्हाचे आकडे होते, आणि दोन्ही कागद त्यांच्याशी ताडून वाढ किती हे एका नजरेत कळत होते. प्रयोगशाळेत असताना अंदाज खरा ठरला की त्याला आनंद होत असे. या वेळी त्याने दोन्ही कागद दोनदा पाहिले. चूक सापडेल अशी आशा त्याला होती, आणि ती आशा धरून बसणे आपल्या सवयीत बसत नाही हेही त्याला ठाऊक होते.

"… हो, बघितलं. दोन्ही वर्षी तीच तिमाही सगळ्यात वर आहे."

"थांब, लगेच घाबरू नकोस. याचा आणखी एक अर्थ निघतो, आणि तो चांगला आहे. खोक्यातला माल पुढच्या मोसमाला खरोखरच पूर्ण किमतीला खपत असेल, तर तुझी पद्धत शहाणपणाची आहे, नफा खरा आहे, आणि मी उगाच तुझी जेवणाची सुट्टी खाल्ली. … हे मला कागदावरून नाही कळणार. वर जाऊन बघावं लागेल. … आत्ताच. … लिफ्ट बंद? मग सावकाश चढ. फोन चालू ठेव."

तो ऐकत राहिला. पायऱ्यांवरच्या चपलांचा आवाज, एका वळणावर श्वास, किल्ल्यांचा जुडगा. मग आवाज बदलला. पुठ्ठ्यांनी भरलेल्या खोलीत सगळेच आवाज दबून येतात.

"हॅलो? … येतोय आवाज. धाप लागलीय तुला, बस जरा. … कोटांची कुठली? … भिंतीकडची. हाताला येईल ते घे, निवडून घेऊ नकोस. … आता चिकटपट्टी बघ. एकच थर असेल तर खोकं अजून उघडलेलंच नाही. दोन असतील तर माल एकदा बाहेर जाऊन परत आलाय. … किती? … दोन. … आतले नग किती लिहिलेत? … बारा, खोडून दहा. … म्हणजे सबंध हिवाळ्यात दोन गेले. … एका खोक्यावरून काही ठरत नाही, शेजारचं बघ."

"… बारा, खोडून अकरा. … दुसऱ्या रांगेतलं. … अकरा. … ताई? … ऐकतोय मी. … हे बाराचं आहे? खोडलेलंच नाही? … पण पट्ट्या दोन आहेत. … म्हणजे एकही नाही गेला."

"… यंदा थंडी कमी होती, हे असू शकतं. मान्य. पण पडद्यांना थंडीचं काय. पडद्यांची खोकी बघ. … हं. … चादरी? … हं. … बस झालं. नको आणखी उघडूस. एवढ्यांचं सारखं निघालं, पुढचीही तशीच निघतील."

करड्या भिंतीवरून पावसाळी नळाचे पाणी एकसारखे खाली येत होते, त्याच्याकडे तो पाहत राहिला.

"आहेस ना? … विचार ना. … व्याज? हो, तेही यानेच. माल अडकला की त्यात घातलेला पैसा अडकतो, पण पुरवठादाराला तर द्यावे लागतातच. मग ते बँकेकडून येतात. … आणि विक्री उतरली, कारण सेलमध्ये येणारं गिऱ्हाईक येईनासं झालं. तूच मघाशी म्हणालीस ना, शनिवारीसुद्धा मापाच्या खोल्या रिकाम्या असतात. … तिन्हींना एकच कारण. माझ्याही मनासारखं नाही ते."

"पुढे काय? … ताळेबंदासाठी तपासनीस येतील, जिना चढतील आणि तेच बघतील जे तू आत्ता बघितलंस. कोट जुना होतो ताई. डांबराच्या गोळ्यांनी कसर थांबते, गळ्याची पट्टी रुंद की अरुंद हे नाही थांबत. ते किंमत खाली आणायला लावतील. मग सहा तिमाह्यांचा तोटा एकाच तिमाहीत येईल. बँक हात आखडेल. शाखा बंद कराव्या लागतील. … कुठल्या आधी, ते कसं सांगू. … बरं, विचारतेसच तर. ज्यांचा वरचा मजला जास्त भरलाय, त्या."

"… फसवणूक होती का, ते मला नाही ठाऊक. सिद्ध करता येत नाही ते मी म्हणत नाही. वरच्या लोकांना कळलं असेल, किंवा त्यांनाही खालचीच ओळ वाचायची सवय असेल. दोन्ही शक्य आहे."

"नाही. … नाही ताई, तू कुणाचं काही चोरलं नाहीस. … खरं सांगू? खोटं सांगून तुला पटायचंही नाही. तू माल इतका नीट ठेवलास, की तो पडून आहे हे कुणाला दिसलंच नाही. कसर लागली असती, कुबट वास सुटला असता, तर पहिल्याच वर्षी कोणीतरी ओरडलं असतं. … रडू नकोस. … रड, बरं. … त्या खोक्यावर बसलीयस ना? बस. मी आहे."

खोलीत एकेक माणूस जेवून परत येऊ लागला होता. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्याने हाताने थांबायची खूण केली आणि आवाज खाली आणला.

"ऐक. संध्याकाळ व्हायचीय अजून. इस्पितळाला फोन कर आणि येते म्हणून सांग. भावोजींना मी समजावतो. … का? … नाही म्हणून कळवलंस? … केव्हा, सकाळी? … अगं, मला विचारल्यावर ठरवणार होतीस ना. … परिपत्रक आलं. … 'सलग सहाव्या तिमाहीत नफ्यात वाढ.' … आणि तुला विभागाचं पद. … सगळ्या शाखांत फिरून हे खोक्यांचं शिकवायचं. … भावोजी खूश झाले. … हो, होणारच."

"… म्हणजे मला फोन केलास तो नुसता … बरं. राहू दे ते. … नाही, रागावलो नाही. … हे बघ, तिथे भिंतीवर दुकानाचा फोन आहे ना? त्याच्यावरून लाव त्यांना. सकाळी घाईत बोलले म्हण. … लाज कसली त्यात. … मी थांबतो. हा फोन तसाच ठेव खोक्यावर."

त्याला दुरून ताईचा आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. बदलून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी ती बोलते तोच, आदबशीर आणि एकसारखा. मध्ये एकदा ती थांबली. मग आणखी थोडे बोलली, आणि शेवटी आभार मानावेत तसे काहीतरी. आणि मग फोन जागेवर ठेवल्याचा आवाज.

"… हो, आहे. … जागा भरली. … सकाळीच, तुझा नकार आल्याबरोबर यादीतल्या पुढच्या बाईंना कळवलं. … बरं. … चांगलं बोलले का तुझ्याशी? … बरं."

त्याला आणखी काही बोलायचे होते. दुसरीकडे बघू, माझ्या ओळखीत विचारतो, असे काहीतरी. पण त्याच्या ओळखीत कुठे जागा नव्हती, आणि ते ताईलाही माहीत होते.

"… हं? … कुणाला सांगायचंय? … खालच्या मुलींना. … तूच म्हणाली होतीस त्यांना, दुकान पक्कं आहे म्हणून. … मग सांग. सांगायलाच हवं, त्यांनाही दुसरीकडे बघायला वेळ मिळेल. … नेमकं कसं सांगायचं? … लिहून घेतेस? कागद आहे? … परिपत्रकाच्या मागच्या बाजूला लिही मग."

"लिही. सावकाश सांगतो. … विक्री कमी झाली, कारण मोसमाच्या शेवटी उरलेला माल स्वस्तात विकणं बंद केलं. … झालं? … नफा वाढला, कारण त्या मालाचा तोटा पत्रकात मांडलाच गेला नाही. … मांडलाच. हो. … व्याज वाढलं, कारण त्यात घातलेला पैसा परत आला नाही. … पुढे? पुढे एकच ओळ. नफा झालेला नाही. माल वरच्या मजल्यावर आहे. … नाही, यात तुझं नाव नाही घालायचं. … नको म्हटलं ना. … हो. एवढंच कारण आहे. … ठेव आता. खाली जा."